कडुनिंबाखालचं कंट्रोल युनिट

लातूर जिल्हा नवा झाला आणि वडिलांची बदली मुरुडहून लातूरच्या कचेरीत झाली. म्हणूनच मला तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला जाता आलं. एसटीनं रोज एकटीला कुणी पाठवलं नसतं. दहावीच्या पुढं शिकणारी घरात मी पहिलीच. वर्गात माझा आवाज हजेरीलासुद्धा धड निघायचा नाही.

मायक्रोप्रोसेसरचा विषय आला त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. गल्लीत टँकर यायचे, वीज तासन्‌तास जायची. कंट्रोल युनिट शिकायच्या दिवशीही ती गेलीच. मायक्रोप्रोसेसरचं, म्हणजे संगणकाच्या मेंदूचं, सरावाचं किट बंद पडलं. आमचे सर नांदेडातल्या हिमायतनगरकडचे, बोलणंही तिकडचंच. म्हणाले, "चला बाहेर. आज आपणच प्रोसेसर होऊ."

कडुनिंबाखाली एका मुलाच्या हाती त्यांनी सूचनांच्या आणि आकड्यांच्या चिठ्ठ्या दिल्या, तो मेमरी. दुसरा आकडे धरून ठेवणारा रजिस्टर. वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा बेरीज करणारा. मग सर माझ्याकडं वळले.

"पोरी, तू कंट्रोल युनिट."

"मी काय करायचं सर?"

"बेरीज करायची न्हाई. सूचना मागवायची, वाचायची, आन् कुणी कवा काय करायचं ते सांगायचं."

मी हळू आवाजात सूचना मागवली. पहिला आकडा रजिस्टरकडं आला. दुसरा यायच्या आतच हुशार मुलानं उत्तर ठोकून दिलं. साफ चूक! रजिस्टरच्या दुसऱ्या हातात सरांनी नमुन्याला दिलेला जुना आकडा तसाच होता, तोच त्यानं मिळवला होता. सगळे त्याला हसले.

सर म्हणाले, "त्याची बेरीज बरोबर हाय. वेळ चुकली. वेळ कुणी सांभाळायची?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

पुन्हा सुरू केलं. तो हुशार मुलगा तोंड उघडणार एवढ्यात मी ओरडले, "थांब! दुसरा आकडा आला न्हाई अजून!"

व्हरांड्यातले शिपाईमामा दचकून बाहेर आले. तो मुलगा मात्र थांबला. आकडा आला, मी "आता कर" म्हटलं, उत्तर बरोबर निघालं.

"लई भारी," तो म्हणाला. "मला वाटायचं, सगळं बेरीज करणाराच करतोय."

दुपारनंतर वीज आली. सरांनी किटसमोर मलाच बसवलं. मी एकेक कळ दाबत गेले आणि शेवटी लाल आकड्यांत उत्तर उजळलं. मागून कुणीतरी म्हणालं, "अजून एक करून दाखव की." मी खुर्ची पुढं ओढली.