माथ्यावर आबा गप्प

माझे वडील, आबा, दौलताबादच्या किल्ल्यावर पाहुण्यांना फिरवायचे. त्यांची शाळा निजामाच्या राज्यातली, उर्दूतली. त्यामुळं घरात मराठी बोलणारा हा माणूस किल्ल्याचा इतिहास मात्र उर्दूतच सांगायचा. पोलीस ॲक्शननंतर निजामाचं राज्य गेलं आणि नव्या सरकारचा हुकूम आला: परवाना हवा असेल तर पुरातत्त्व खात्याच्या साहेबांसमोर अख्खा किल्ला मराठीत सांगून दाखवा. परवाना गेला असता तर आमची चूलच विझली असती.

मी नुकतीच मराठीतून मॅट्रिक झाले होते आणि माझ्या डोक्यात हवा गेली होती. सगळा इतिहास मी वहीत उतरवला आणि पंधरा दिवस हात धुऊन आबांच्या मागं लागले. ते ‘फौज’ म्हणाले की मी ‘सैन्य’ म्हणायची, ‘फतह’ म्हणाले की ‘विजय’. मला ना झोप, ना जेवणात लक्ष. आई वैतागायची, "अगं, बोलू दे की त्यांना सरळ!" पण मी कुठली ऐकतेय!

परीक्षेच्या दिवशी मला घरी बसवेना, मीही त्यांच्या मागोमाग किल्ला चढले. अंधारीत, म्हणजे किल्ल्याच्या काळोख्या भुयारात, मशालीच्या उजेडात आबा झकास बोलले. वरच्या बारादरीत, त्या कमानींच्या महालातही अडले नाहीत. मग आलो अगदी माथ्यावर, तोफेपाशी. तिथला वारा असा की पदर दोन्ही हातांनी धरावा लागतो. साहेबांनी टोपी काढून काखेत मारली. "हं, सांगा."

आबा ‘फौ’ एवढंच म्हणाले आणि थांबून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझे मेले ओठ आपोआप हलले: सैन्य. आबांनी मान खाली घातली. पुढं त्यांना शब्दच सुचेना. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

साहेब कानावर हात ठेवून ओरडले, "वाऱ्यात काही ऐकू येत नाही! चला खाली, सही करतो."

परवाना मिळाला. आईनं गल्लीत साखर वाटली. आबा पुढं कितीतरी वर्षं किल्ला सांगत राहिले, मराठीतच, पण फौज आणि फतह घालून. माथ्यावर तोफेपाशी उभं राहून ते सांगतात ती गोष्ट ऐकावी तर त्यांच्याच तोंडून, असं लोक मला सांगायचे.

लग्नानंतर सासरच्या मंडळींना घेऊन मी मुद्दाम गेले. पायथ्यापासून आबांनी सगळ्यांना हसवत वर नेलं. तोफेपाशी आलो तेव्हा मी म्हणाले, "आबा, इथलं सांगा ना. तुम्हाला येईल तसं सांगा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "वारा लई हाय, पोरी. खाली सांगतो."

त्या दिवशी माथ्यावर पानसुद्धा हलत नव्हतं.