दादाचा रेडिओ

शिलाई मशीन दुरुस्त करावं ते माझ्या थोरल्या भावानंच, असं सगळी गल्ली म्हणते. मी शेजारच्याच गाळ्यात तेच काम करतो, म्हणून हे वाक्य मला दिवसातून चारदा ऐकावं लागतं. दादा रेडिओशिवाय स्क्रू फिरवत नाही. गाणं लागलं की त्याचा हात चालतो, बातम्या लागल्या की थांबतो. गिऱ्हाईक ताटकळतं आणि वर कौतुकही करतं. मी दोन मिनिटं उशीर केला तर तेच गिऱ्हाईक घड्याळ बघतं.

दुरुस्तीचे व्हिडिओ टाकायला मी सुरुवात केली. त्यानं माझं बघून केली आणि चार महिन्यांत त्याचे बघणारे माझ्या दसपट झाले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. तेवढ्यात परदेशात राहणारी त्याची लेक फोनवर म्हणाली, "बाबा, तुमचा एकही व्हिडिओ लागत नाही. 'या देशात उपलब्ध नाही' एवढंच येतं. मी आपले काकांचे बघते."

खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. दादाचं तोंड एवढंसं झालं. "तिथल्या सरकारनं बंद केले असतील का रे? माझ्या बॉबीनशी सरकारचं काय वाकडं?"

कारण मला ठाऊक होतं. माझाही एक व्हिडिओ असाच अडकला होता. मागे गाणं वाजत असलं की व्हिडिओ दाखवणाऱ्या कंपनीचं यंत्र ते बरोबर ओळखतं. एकाच गाण्याचे हक्क वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या मालकांकडे असतात. इथला काणाडोळा करतो, तिथला सरळ दार लावून घेतो. रेडिओ बंद केला की काम झालं. एवढं एक वाक्य मी तीन महिने गिळून बसलो. वहिनी म्हणायच्या, "भावजी, तुम्हाला त्यातलं कळतं, बघा ना जरा." मी "बघतो" म्हणायचो.

मग एके दुपारी पुतणीचा मलाच फोन आला. "काका, तो पट्टा बदलायचा व्हिडिओ कधी काढून टाकू नका हं. मी रोज लावते."

माझी छाती फुगली. "एवढा आवडला?"

"तो काढलात त्या दिवशी वीज गेली होती ना? रेडिओ बंद होता. सहाव्या मिनिटाला भिंतीपलीकडून बाबा गिऱ्हाइकावर ओरडतात, 'अहो, तेल घाला! मशीन म्हणजे काय जावई आहे, नुसतं बसवून ठेवायला?' फोनवर ते 'जेवलीस का'च्या पुढे जात नाहीत, काका. कामातले बाबा मला तेवढेच मिळतात."

मी उठून शेजारी गेलो. दादा कॅमेरा लावून शटल खोलत होता, रेडिओ ठणाणा चालू. मी बटण पिरगाळलं.

"अरे, हात थांबतो ना माझा!"

"थांबू दे. तोंड चालू ठेव. गाण्यामुळे अडकतात तुझे व्हिडिओ. पोरीला तू ऐकायला हवा आहेस."

त्याचे डोळे भरून आले. "देवासारखा धावून आलास बघ. कधी कळलं रे तुला हे?"

कॅमेरा चालूच होता.

"आत्ताच," मी म्हणालो.