तिसऱ्या मात्रेचा डावा पाय

ताईला जाऊन वर्ष होत आलं. तिच्या ट्रंकेत नाचाची वही सापडली. अक्षर माझं. ती नाचून दाखवायची, मी लिहून घ्यायचे.

वडील कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत कंपाउंडर होते. युद्धात घरदार गमावलेले, सैबेरियातून सुटून आलेले पोलिश लोक तिथे राहत. त्यांच्यातल्या एका शिक्षिकेकडे ताई चार वर्षं त्यांचे गावाकडचे नाच शिकली. मग छावणी उठली, बाई बोटीने निघून गेल्या आणि आम्ही ठाण्याला नौपाड्यात आलो. ताईला मुलींच्या शाळेत ड्रिल शिकवायचं काम मिळालं. गॅदरिंगसाठी ती पोलिश नाच बसवू लागली. पेटीवर मी. जुन्या लुगड्यांचे पट्ट्यापट्ट्यांचे परकर आम्हीच शिवले. तालीम बघून एका मुलीची आजी म्हणाली, "अगं, ही तर फुगडीच! नुसती बूट घालून."

पुढे डोंबिवली, कल्याणच्या शाळाही तिला बोलावू लागल्या. तिचा नाच तीन मात्रांचा. तिसऱ्या मात्रेला डावा पाय किंचित ओढायचा, हे त्यातलं खास. "उचलू नकोस गं, ओढ!" असं दिवसभर सांगून घरी येईपर्यंत तिचा आवाज बसलेला असे.

एका वर्षी गॅदरिंगला पाहुणी म्हणून जवळच्या एका कारखान्यातल्या पोलिश इंजिनिअरची बायको ठरली. ती आठ दिवस आधी तालीम बघायला आली. बघता बघता हसू लागली. मोडक्या इंग्रजीत तिने विचारलं, या सगळ्या मुली लंगडतात का? मग स्वतः नाचून दाखवलं. तिचा डावा पाय अलगद उचलला जात होता.

घरी येताना ताई म्हणाली, "छावणीतल्या बाईंच्या डाव्या पायाला बोटं नव्हती. सैबेरियाच्या थंडीत झडलेली. मला ठाऊक होतं गं. चार वर्षं रोज बघत होते."

मुख्याध्यापिका स्पष्ट बोलल्या. "आठ दिवस आहेत, दुरुस्त करून घ्या. नाही जमलं तर पुढल्या वर्षी कोळीनृत्य ठेवू. त्याला दुसऱ्या बाई आहेत."

सहा दिवस ताई पाय उचलायला शिकवत होती. मुलींना जमतही होतं. सहाव्या दिवशी पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "बाई, आम्ही उचलतो, पण तुमचाच ओढला जातो." सगळ्या हसल्या. ताईही हसली आणि बाकावर बसली.

सातव्या दिवशी तिने सांगितलं, "राहू दे. आधी करत होतात तसंच करा."

गॅदरिंगला वीस मुलींनी डावा पाय ओढला. पाहुणी पहिल्या रांगेत होती. टाळ्या पडल्या, तशा सगळ्याच नाचांना पडतात. पुढल्या वर्षी कोळीनृत्य झालं. कल्याण-डोंबिवलीची बोलावणीही हळूहळू थांबली. नंतर ताईने नुसतं ड्रिल शिकवलं, निवृत्त होईपर्यंत.

तसं का केलंस, असं मी तिला एकदाच विचारलं.

"दमले होते गं," ती म्हणाली, आणि कपड्यांच्या घड्या घालू लागली.

वहीत त्या नाचाचं पान जसंच्या तसं आहे. 'तीनला डावा पाय ओढणे.' त्या सहा दिवसांतला दुरुस्त पाय त्यात कुठेच नाही. तो लिहून घे, असं ती म्हणाली नव्हती.