उसना कूलर

कुठलाही कागद माझ्या हातात देण्याआधी मावशी तो पदराने पुसायच्या. आधारकार्डाला लॅमिनेशन केलेलं, त्यावर धुळीचा कणही नसायचा, तरी दोन्ही बाजूंनी पुसायचं आणि मगच काउंटरवर ठेवायचं. पुसून झालं की प्रश्न ठरलेला. "ताई, नाव लागलं का?"

देवळाली प्रवरात माझं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं लहानसं दुकान आहे. अशा रांगेत तुम्हीही कधी उभे राहिला असाल. काही माणसं नंबर आला की भांडतात, काही नुसती आपल्या तोंडाकडे बघत राहतात. मावशी बघत राहणाऱ्यांतल्या. पाथर्डीकडून नवऱ्याबरोबर ऊसतोडीला आल्या आणि इकडेच राहिल्या. काकांना अर्धांगवायू झाल्यापासून मजुरी त्यांची एकटीची आणि काकांचं उठवणं-बसवणंही त्यांचंच.

घर म्हणजे एक खोली, चारी बाजूंनी आणि वरूनही पत्रा. मार्चपासून आतली भांडी हाताला चटका द्यायची. धडधाकट माणूस उठून लिंबाखाली जाऊन बसतो. काकांना उचलायला दोन माणसं लागत, आणि दिवसा सगळी गल्ली कामावर. आदल्या उन्हाळ्यात ते बाजेवरच बेशुद्ध झाले होते. पुन्हा असं झालं तर कठीण आहे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून अशा घरांसाठी अनुदान निघाल्याचं कळताच मीच मावशींना बोलावून घेतलं. पत्र्याखाली उष्णता अडवणारं जाड सिलिंग, हवा जायला झरोके आणि कमी वीज खाणारा पंखा, एवढं त्यात मिळणार होतं.

अर्ज भरला आणि मावशींचं रोजचं येणं सुरू झालं.

"मावशी, कालच तर सांगितलं, यादी आली नाही."

"व्हय, पन आज आली आसंल तर?"

"आली की फोन करीन म्हटलं ना!"

"फोनला रेंज नसती, ताई. पायाला आसती."

मी चिडायचे, नाही असं नाही. पण त्या गेल्या की मीही गुपचूप ती यादी उघडून बघायचे.

फेब्रुवारीच्या शेवटी नाव लागलं. आता घराची पाहणी तेवढी राहिली होती. "उद्या साहेब घर बघायला येणार आहेत," एवढंच मी सांगितलं. ते काय बघायला येणार, हे सांगायचं राहून गेलं. ती चूक माझी.

दुसऱ्या दिवशी मावशी दुकानात आल्या त्या ठेवणीतली साडी नेसून, तोंडभर हसत. साहेब येऊन गेले होते. मुलीला बघायला पाहुणे यायचे म्हणजे घर जसं सजतं, तसं त्यांनी घर सजवलं होतं. शेजारणीकडून टीपॉय आणला, फुलाफुलांची चादर आणली, कपबशा आणल्या.

"आन कूलर बी आनला, ताई. पार साहेबाच्या तोंडासमोर लावला. साहेब म्हनले, लई गार हाय की तुमच्या घरात!"

मी कीबोर्डवरचा हात काढला.

"मावशी, कूलर शेजारणीचा आहे असं सांगितलं का त्यांना?"

"आसं कसं सांगायचं? लगीच मागारी नेऊन दिला की."

पंधरा दिवसांनी निकाल आला. घरात कूलर आहे, सबब अपात्र. साहेबांनी जे पाहिलं तेच लिहिलं होतं, त्यांना तरी काय म्हणणार? मावशींनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. बराच वेळ आधारकार्ड पुसत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "पाव्हना दारात आला आन त्याला घामात बसवायचं व्हय, ताई?"

मी शेजारणीला बोलावून घेतलं.

शेजारणीने कूलर आपला असल्याचं लिहून दिलं. ते जोडून मी पुन्हा पाहणीचा अर्ज केला. या वेळी मात्र मावशींना समोर बसवून बजावलं, की उसनं काहीही आणायचं नाही. घर रोज असतं तसंच दिसू द्यायचं.

"च्या तरी द्यायचा का?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"चहा द्या. पण घरातल्या पेल्यातच द्या."

तारीख काही येईना. मी दिवसाआड नगरच्या कार्यालयात फोन करत होते. एप्रिल उजाडला, ऊन वाढत चाललं. मावशींनी मजुरीला जाणं सोडलं. पत्र्यावर गोणपाटं पसरायची आणि दुपारभर शिडीवर चढून ती भिजवत राहायचं, हेच काम त्यांनी धरलं. आत काकांचा श्वास नीट चाललाय ना ते बघायचं की पुन्हा कळशी घेऊन वर. "नका चढू हो," मी म्हटलं. "मग काय करू?" त्यांनी विचारलं. चिडून नाही, खरंच विचारलं.

एके दिवशी दुपारी त्यांना शिडीवर चक्कर आली आणि त्या खाली पडल्या. शेजारच्यांनी टेम्पोत घालून राहुरीला नेलं, पण मावशी वाटेतच गेल्या. पाहणीची तारीख त्यानंतर चार दिवसांनी आली.

अर्ज दोघांच्याही नावाने होता, म्हणून मंजुरी अडली नाही. काकांना सांभाळायला त्यांची मुलगी सासरहून येऊन राहिली. मे महिन्यात सिलिंग बसलं, झरोके पडले, पंखा लागला.

काम झाल्यावर लाभार्थ्यांचा घरातला फोटो अपलोड करावा लागतो. तो काढायला मी गेले. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत बसवेल इतकं गार होतं. मला तिथे उभं राहवेना. मुलीने काकांना उशांच्या आधाराने बसवलं होतं, पण ते बाजेच्या पार कडेला. मोबाईलमध्ये निम्मी बाज रिकामी दिसत होती.

"काका, जरा मध्ये सरकता का?" मी म्हणाले.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. डाव्या हाताने शेजारची चादर सारखी केली आणि अडखळत म्हणाले, "तिला बी... बसू द्या."

मी तसाच फोटो काढला.