सरोजताईंचा नेम

समोर शत्रूचं विमान, बोट बटणावर, तरी सरोजताई गोळी झाडायच्या नाहीत. विमानांच्या लढाईच्या त्या कॉम्प्युटर गेममध्ये आम्ही बाकीचे, दिसलं की धडाधड मारणारे. ताई मात्र नुसत्या मागे लागून राहायच्या. "ताई, मारा ना!" असं मी ओरडलो की म्हणायच्या, "अजून लहान दिसतोय रे."

चाकणच्या आमच्या कंपनीत ताई तपासणी विभागात होत्या, मी खरेदीत. मध्ये त्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. ऑपरेशन झालं, पण त्या डोळ्याची नजर परत आली नाही. अंतराचा अंदाजच गेला. चहा कपाबाहेर सांडायचा, म्हणून किटलीची चोच काठाला टेकवून ओतायच्या. तपासणीवरून काढून त्यांना टेबलावरच्या कागदी कामाला बसवलं. स्कूटर नवऱ्यानं झाकून ठेवली. "आता मला कुणी रागवत नाही, त्याचाच राग येतो," असं कँटीनमध्ये एकदा म्हणाल्या.

एका रविवारी त्या आमच्या आकुर्डीच्या घरी आल्या. मी जॉयस्टिक घेऊन बसलो होतो. थोडा वेळ बघून म्हणाल्या, "यात तुला तरी अंतर कुठं दिसतं? स्क्रीन तर सपाट." खरंच होतं. तिथं दूरचं विमान लहान आणि जवळचं मोठं, एवढीच खूण. "मग सरक," ताई म्हणाल्या.

सुरुवातीला त्यांच्याही गोळ्या हवेतच संपायच्या. मी सांगितलं, पंखांतल्या बंदुका किंचित आत वळवलेल्या असतात. गोळ्या पुढे एका ठरावीक जागी एकत्र येतात. फार लांबून मारल्या तर विमानाच्या दोन्ही बाजूंनी निघून जातात. ताईंनी ती जागा जवळची लावून घेतली. शत्रूचे पंख स्क्रीनवरच्या नेमाच्या गोल कड्यात पुरते भरेपर्यंत थांबायचं, असं ठरवलं. विमान वळत असेल तर नेम त्याच्या नाकापुढे. "आहे तिथं मारून काय उपयोग? गोळी पोचेपर्यंत तो थांबणारे का?" मग एकच आखूड फैर. कधी कधी जरा जास्तच थांबून त्याच्यावर जाऊन आदळायच्या आणि स्वतःच हसत सुटायच्या.

अशाच एका रविवारी त्यांनी माझ्या स्कूटरची चावी मागितली. मी चावी मुठीतच धरून ठेवलेली पाहून म्हणाल्या, "डॉक्टर हो म्हणालेत. नाही म्हणतात ते घरचे." सोसायटीमागच्या रिकाम्या रस्त्यावर एक टेम्पो उभा होता. ताई पुन्हा पुन्हा त्याच्या मागे येऊन थांबत होत्या. नंबरप्लेट केवढी दिसली की ब्रेक दाबायचा, ते पक्कं करत होत्या.

दिवाळीनंतर त्यांना रांजणगावच्या कारखान्यात नव्या मुलामुलींना तपासणी शिकवायचं काम मिळालं. निघायच्या दिवशी सामान पुढे गेलं. "येते रे, जय भीम," म्हणून ताईंनी स्कूटर सुरू केली. मागे त्यांचे मिस्टर बसले.

"भाऊ, भीती नाही वाटत?" मी हळूच विचारलं.

"पहिल्यांदा बसलो तेव्हा डोळे गच्च मिटले होते, राव," हेल्मेटचा पट्टा लावत ते म्हणाले. "मग म्हटलं, ही एका डोळ्यानं एवढं बघतेय, तर आपण दोन्ही कशाला मिटायचे?"