साहेबाच्या कोर्टातली डबी आणि चारठाण्यातली रिकामी जागा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी ती एकतीस वर्षं रोज चढलो, पोटासाठी, अनुवादक म्हणून. इंग्रजीतलं मराठीत, मराठीतलं इंग्रजीत, आणि खाली ‘भाषांतर बरोबर आहे’ असा शेरा मारून सही. निवृत्त झाल्यावर हा ब्लॉग सुरू केला तो त्या शेऱ्यातून सुटका म्हणून. आजवर इथे किल्ले झाले, घाट झाले, मिसळी झाल्या. या वेळचा प्रवास मात्र एका कागदापायी झाला, आणि तो हसतखेळत लिहिणं मला जमणार नाही. चारठाण्याला जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी वाटेची माहिती आहेच. ती घ्या, बाकीचं सोडलंत तरी चालेल.

माझी बायको शोभा चारठाण्याची, जिंतूर तालुक्यातली. माहेर लिंगायत वाण्यांचं. आमचं लग्न तिच्या वडिलांना पटलं नव्हतं, त्यामुळे अडतीस वर्षांत मी सासुरवाडीला गेलो असेन चार-पाच वेळा. तीन वर्षांपूर्वी शोभा गेली. तिचे थोरले भाऊ आप्पा मिळेल त्या गाडीने पुण्याला आले, पण ते दारात पोचले तेव्हा आम्ही विद्युतदाहिनीवरून परतलो होतो.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“झालं,” मी म्हटलं.

ते तिथेच पायरीवर बसले, पाणी प्यायले आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले. मला वाटलं, म्हातारा माणूस, दमला असेल.

या आप्पांचा दिवाळीनंतर फोन आला. वय त्र्याऐंशी, हृदय थकलेलं, परभणीच्या डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलेलं. विषय होता त्यांच्या आजोबांचा. आजोबांचं नाव वीरभद्र. ते तरुणपणी कापसाच्या गाठींबरोबर मुंबईला गेले आणि तिथून एका कच्छी व्यापाऱ्याच्या ओळखीने थेट पूर्व आफ्रिकेच्या एका बंदरात. तिथे भागीदारीत कापडाचं दुकान काढलं. घरी दोन पत्रं आली, तिसरं आलं नाही. गाव म्हणालं, तिकडे बाई ठेवली, गळ्यातलं लिंग टाकलं. घरानेही त्यांचं नाव घेणं सोडलं. आजी मात्र हिरव्या बांगड्या घालूनच म्हातारी झाली. लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, पुरतात, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं आणि ऐकून सोडून दिलं. या घराची पुरायची जागा शेतातच आहे. जाताना आजी सांगून गेली की माझ्या उजव्या अंगाची जागा मोकळी ठेवा. ती अजून मोकळी आहे.

“पावणं,” आप्पा फोनवर म्हणाले, “आता माझा नंबर हाय. ती जागा मी घ्यावी का त्याचीच ऱ्हाऊ द्यावी? लिंग टाकून बसला आसंल, तर कशाला राखायची? तुमची लेक म्हनली, तुमी त्याचा कागद बघितलाव. या आन् वाचून दाखवा.”

कागद मी खरंच पाहिला होता. मुलगी नोकरीनिमित्त त्याच बंदरात राहते. गेल्या वर्षी तिच्याकडे गेलो असताना दुपारी वेळ जाईना, म्हणून तिथल्या जुन्या दफ्तरखान्यात बसू लागलो. सवय जाते कुठे! तिसऱ्या आठवड्यात शोभाकडून ऐकलेल्या वीरभद्रांच्या नावाचा कागदांचा बस्ता सापडला. नक्कल काढून आणली, भाषांतर केलं, शेरा मारला. तेवढ्यात माझ्या आजारपणात ते कपाटात राहून गेलं.

जानेवारीच्या शेवटी निघालो. पुण्याहून नांदेडकडे जाणारी रेल्वे धरली की सकाळी परभणी. स्लीपरमध्ये पांघरूण हवंच. स्टेशनाबाहेर चहा बरा मिळतो, पण साखर कमी सांगायला विसरू नका. तिथल्या बाकावर एक निवृत्त रेल्वेवाले भेटले. मी जुन्या कोर्टाचे कागद घेऊन चाललोय म्हटल्यावर त्यांनी काठीने जमिनीवर रेघच ओढली.

“आमचे वडील सांगायचे. ह्या रुळाच्या पट्टीवर साहेबाचा कायदा. पट्टीच्या भाईर पाय ठिवला की निजामाचा. चोर लय हुशार, साहेब, ह्या पट्टीतून त्या पट्टीत उड्या मारायचे!”

मी हसलो, पण पुढे जिंतूरच्या एसटीत तीच रेघ डोक्यात घोळत राहिली. वीरभद्र निजामाची प्रजा. गावात असते तर साहेबाच्या कायद्याशी त्यांचा आयुष्यात संबंध आला नसता. पण समुद्र ओलांडला आणि ती रेघ त्यांच्या पायाखालून आफ्रिकेपर्यंत गेली. ते बंदर सुलतानाचं होतं. तरी तिथे व्यापार करणाऱ्या ‘आपल्या’ प्रजेसाठी इंग्रजांनी स्वतःचं कोर्ट मांडलं होतं. त्यांचा कॉन्सल, म्हणजे सुलतानाच्या दरबारातला वकीलच, न्यायाधीश, कायदा हिंदुस्थानचा, अपील मुंबईला. निजाम इंग्रजांच्या छत्राखाली, म्हणून निजामाचा माणूसही त्यांचाच. अशा कोर्टांचं कौतुक मी पूर्वी ऐकलंय. परमुलुखात आपल्या माणसाला आपला न्याय मिळावा, यात वाईट ते काय?

परभणी ते जिंतूर सव्वा तास. पासष्टच्या पुढे अर्धं तिकीट, आधार कार्ड जवळ ठेवा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी आणि कापलेल्या तुरीचे ढीग. जिंतूरच्या स्टँडवर गरम भजी खाल्ली आणि मंठ्याच्या गाडीने चारठाण्याला उतरलो. गाव लहान, देवळं मात्र किती! काळ्या दगडाची, कोरीव, काही अर्धी मातीत गेलेली. तो उंच दीपस्तंभ आणि पायऱ्यांची बारव यांच्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवा. सकाळचं ऊन बरं. हॉटेल नाही, पाणी सोबत न्या.

आप्पांचा मुलगा मल्लिकार्जुन मोटारसायकल घेऊन उभा होता. पुढे त्याचं किराणा दुकान, मागे घर. जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. चटणी जरा जास्तच घेतली मी. आप्पांनी खाटेवर बसून दोन घास खाल्ले. हात धुतले आणि म्हणाले, “वाचा आता.”

खरं सांगायचं तर मी तयारीत होतो. माझ्याकडे चांगली बातमी होती, असं मला वाटत होतं. आजोबांनी बाई ठेवली नव्हती. गेल्यापासून वर्षभरात ते तुरुंगात होते. भागीदार गोदामात डोक्याला मार लागून मेलेला सापडला आणि पोलिसांनी आजोबांना धरलं. खटला उभा राहायच्या आत ते वारले, म्हणून फाइल बंद. दोषी नाहीत, निर्दोषही नाहीत. पण शेवटचे दिवस त्यांनी अन्न नाकारलं होतं. साहेबाच्या कोर्टापुढे अन्नत्याग! हे मी अगदी सावकाश वाचायचं ठरवलं होतं.

आधी तुरुंगाच्या दारात काढून घेतलेल्या वस्तूंची यादी आली. धोतर, बंडी, उपरणं. “चांदीची लहान डबी, तपकिरीची, एक. आत काळा टणक पदार्थ. पुढे लिलावात काढली.” इथे मला गंमत सुचली. मला स्वतःला चाळीस वर्षांची तपकिरीची सवय आहे. खिशातली डबी काढून दाखवली आणि म्हटलं, “आप्पा, आजोबा माझ्याच पंथातले निघाले!”

आप्पा हसले नाहीत. “आमच्या घरात तपकिरीला कोनी शिवलेलं न्हाई,” ते म्हणाले. “पुढं वाचा.”

मी वाचलं. “आरोपी अन्न व पाणी नाकारतो. समजूत घातली. कारण विचारता काढून घेतलेली डबी मागतो. नियमात बसत नसल्याने दिली नाही.”

“थांबा.”

आप्पांनी सदऱ्याची वरची गुंडी काढली. गळ्यातली दोरी ओढून बाहेर काढली. तिला चांदीची लहान डबी होती, अंड्याएवढी. लिंगायत माणूस गळ्यात इष्टलिंग बांधतो हे मला माहीत होतं, तेवढं सगळ्यांनाच माहीत असतं. ते आतून कसं दिसतं हे मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी डबी उघडून माझ्यापुढे धरली. आत गुळगुळीत काळा गोळा होता, डांबराचा वाटावा असा.

“हेच का?”

मी कागदावरच्या ‘काळा टणक पदार्थ’ या शब्दांवर बोट ठेवलं.

“हातावर ह्येची पूजा केल्याबिगर आमच्यात पानी बी घेत न्हाईत,” आप्पा म्हणाले. “त्यानं उपास न्हाई केला, पावणं. त्याला जेवताच आलं न्हाई.”

मल्लिकार्जुन दुकानाच्या दारात उभा होता. बाहेर कुणीतरी साबण मागत होतं, त्याने हातानेच नंतर ये म्हणून सांगितलं.

“किती दिस?” आप्पांनी विचारलं.

“सहा.”

“मग?”

पुढची ओळ मला पाठ होती. भाषांतर करताना मी तिचं कौतुक केलं होतं, की परक्या मुलुखातसुद्धा त्यांनी धर्म पाळला. आता तीच मोठ्याने वाचावी लागली. “आरोपी हिंदू असल्याने प्रेताचे दहन करण्यात आले.”

आप्पांनी डबी मिटली. सदऱ्याच्या आत टाकली.

“झालं?” ते म्हणाले.

“झालं,” मी म्हटलं.

आणि तो शब्द उच्चारताक्षणी मला पुण्यातली माझ्या घराची पायरी दिसली. त्या दिवशी आप्पांनी नेमकं काय विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं होतं, ते तीन वर्षांनी मला कळलं. त्यांनी मात्र शोभाचं नावही काढलं नाही.

“ते तपकिरीचं खोडा,” एवढंच म्हणाले.

मी म्हटलं, “आप्पा, मूळ कागदात आहे ते खोडता येत नाही. टीप देता येते.”

“मग टीप द्या. रीत तुमाला म्हाईत हाय.”

मी पेन काढून खाली लिहिलं: ‘भाषांतरकाराची टीप. ही डबी तपकिरीची नाही. आत आरोपीचे इष्टलिंग होते. त्याविना तो जेवू शकत नव्हता.’ सही केली. एकतीस वर्षांत मी असल्या शेकडो याद्यांचं भाषांतर केलं, पण डबीत काय आहे हे कधी कुणाला विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मल्लिकार्जुनने शेतात नेलं. आजीच्या समाधीच्या ओट्यावर कुणीतरी पांढरी फुलं ठेवली होती. तिच्या उजव्या अंगाला माणूसभर जागा, गवत काढून स्वच्छ केलेली.

“आप्पा म्हनायलेत जागा त्याचीच,” तो म्हणाला. “पन मामा, घालायचं काय तिथं? ना हाड, ना लिंग.”

परतताना जिंतूरहून येलदरीचं धरण पाहून घ्या, असं मी एरवी लिहिलं असतं. मी गेलोही. भाड्याची जीप मिळते, भाव आधी ठरवा. पूर्णेचं पाणी लांबवर पसरलेलं होतं, कोळी जाळी वाळवत होते, टपरीवर तळलेल्या माशांचा वास सुटला होता. मी चहाही घेतला नाही. तिथे काय पाहिलं ते विचाराल तर धड सांगता येणार नाही.

घरी आल्यावर बॅग तशीच ठेवून कपाट उघडलं. शोभा गेल्यानंतर तिच्या वस्तूंची मी एक यादी केली होती, मुलीसाठी. सुवाच्य, क्रमवार, दोन प्रतींत. चौदावी नोंद माझ्याच अक्षरात होती: ‘चांदीची डबी, कुंकवाची, लहान, एक.’

ती तिच्या लग्नातल्या शालूच्या घडीत होती. आमच्या लग्नाच्या दिवशी शोभाने ती गळ्यातून काढून ठेवली होती; यादी करताना मला ते आठवलंसुद्धा नव्हतं. का काढलीस, असं मी विचारलं नाही. परत घालायची आहे का, हेही नाही. दोरा तसाच होता, काळवंडलेला. उघडली. आत कुंकू नव्हतं.

यादीवर मी टीप लिहिली नाही. ती नोंद सरळ खोडली, कारण हा कागद माझाच होता. तपकिरीची डबी खिशातून काढून टेबलावर ठेवली, ती अजून तिथेच आहे. मग आप्पांना फोन लावला.

“आप्पा, शोभाची डबी माझ्याकडे आहे,” मी म्हटलं. “मला माहीत नव्हतं. तिला जाळलं तेव्हा मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.”

मला वाटलं फोन ठेवतील.

“घिऊन या, पावणं,” आप्पा म्हणाले. “आजीच्या शेजारी जागा हाय.”