हर्णेला निघालेली चौदा फुटांची होडी

अब्बा शेवटी हो म्हणाले, पण अट घालून. "हर्णेला नीट पोचलीस, तर पुन्यांदा कुटं चाललीस म्हनून इचारनार न्हाई. न्हाई पोचलीस, तर ह्यो इषय बंद."

पौडच्या बाजारपेठेत आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि शिडाच्या होडीत बसलेलीही पहिलीच. आठवडाभर उरवड्याच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करते आणि गेली दोन वर्षं दर रविवारी मुळशी धरणावर जाते. तिथं बोटीवरून निवृत्त झालेले एक गृहस्थ डिंगी चालवायला शिकवतात. त्यांना आम्ही कॅप्टन म्हणतो. डिंगी म्हणजे उघडी लहान होडी. आमची चौदा फुटांची. डोक्यावर छप्पर नाही, इंजिन नाही, झोपायला जागा नाही. एक डोलकाठी, दोन शिडं, दोन वल्ही आणि पाणी उपसायला कापलेला तेलाचा डबा. अशा होड्यांतून लोक शेकडो मैल जातात. दिवसा समुद्रात, रात्री किनाऱ्यावर. हे कळल्यापासून मला धरण अपुरं वाटायला लागलं होतं.

बेत असा होता: जंजिऱ्याचं मुरूड ते हर्णे बंदर, गुरुवार ते रविवार. होडीत मी आणि धरणावर माझ्याबरोबर शिकणारी बावधनची वृषाली. ती आयटीत आहे आणि लॅपटॉप घरी ठेवून आली, हे विशेष. दुकानाच्या पिकअपला ट्रेलर जोडून किनाऱ्याच्या रस्त्यानं अब्बा. त्यांना पोहता येत नाही. सुकाणू माझ्याकडे, निर्णयही माझे, असं कॅप्टननी बजावलं होतं. तुम्हीही असं जाणार असाल तर बंदर खात्याला आणि स्थानिक पोलिसांना आधी कळवा. लाइफ जॅकेट दिवसभर अंगावर ठेवा. फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी घ्या.

पहाटे पाचला पौड सोडलं. ताम्हिणी घाट, माणगाव, इंदापूर, तळा, मुरूड. ट्रेलर असेल तर घाटात घाई करू नका. माणगावला मिसळ खाल्ली. अकराला होडी पाण्यात. वाऱ्यानं शीड भरलं आणि होडी अशी काही उचलली गेली की वृषाली ओरडली, "नसीम, धरणात असं कधी झालंच नव्हतं!" खरंच नव्हतं. लाट खालून येते, खांद्यावर घेते आणि पुढं ठेवते. जंजिऱ्याच्या तटाजवळून गेलो तेव्हा पर्यटकांच्या होडीतून एक आजोबा हात हलवून विचारत होते, "पोरींनो, इंजिन बंद पडलं का?"

दुपारी अडीचला दिघीच्या खाडीत शिरलो. अब्बा आगरदांड्याहून गाडी फेरीबोटीत चढवून पोचले होते. बोटीत त्यांनी रेलिंग दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, हे नंतर त्यांनीच सांगितलं. वर म्हणाले, "म्या बी समुद्र वलांडला."

आता आमची चूक. ती मुळशीकरच करू शकतात. धरणावर आम्ही होडी पाण्याच्या कडेला आणतो, दोर झाडाला बांधतो आणि घरी जातो. धरणाचं पाणी महिन्यामहिन्यानं उतरतं. एका रात्रीत ते कुठं जाणार? दिघीलाही तेच केलं. झाडाला झकास गाठ मारली, गावातल्या खोलीवर गेलो (तिघांना पंधराशे, जेवण वेगळं), सुरमई-भात खाल्ला आणि दिवस मावळायच्या आत झोपलो.

सकाळी सातला येऊन पाहते तर होडी चिखलात कलंडलेली आणि पाणी शंभर पावलं लांब. भरती-ओहोटीचं वेळापत्रक माझ्या पिशवीत होतं. पाठही होतं. पण दोर बांधणाऱ्या हाताला ते माहीत नव्हतं.

मासळीची टोपली घेऊन चाललेली एक कोळीण थांबली. "काय गो, होडी पेरलीत की काय?"

अब्बा मान खाली घालून हसत होते. वृषाली गुडघाभर चिखलात उतरली आणि होडी ढकलायला लागली.

"ऱ्हाऊ दे गो," कोळीण म्हणाली, "पाणी काय तुज्यासाठी लवकर येनार नाय."

पाणी बाराला आलं. सकाळचा वारा गेला आणि अर्धा दिवस गेला. श्रीवर्धन गाठायचं होतं, दिवेआगरपर्यंतच पोचलो. त्या संध्याकाळी होडी ट्रेलरवर घालून पार सुरूच्या झाडांपर्यंत ओढली. अब्बांनी ती दोन बाजूंनी बांधली, वर पिकअपलाही बांधली.

शनिवारी सगळं जुळून आलं. शाळेत मतलई आणि खारे वारे पाठ केले होते, पाच मार्कांसाठी. सकाळी जमिनीकडून येणारा गार वारा पाठीवर घेतला तेव्हा समजलं की तो धडा कोणीतरी खरोखर जगून लिहिला असणार. पाणी सपाट होतं. आम्ही खजूर-शेंगदाणे खात, आळीपाळीनं सुकाणू धरत श्रीवर्धनला उतरलो. अब्बा चहाच्या टपरीवर लोकांना सांगत होते, "लेक हाय माजी. हर्णेला चाललीया." मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

रविवारी उजाडताच निघालो. साडेदहाला हरिहरेश्वरचा खडक डावीकडे होता आणि पुढं बाणकोट खाडीचं तोंड. हर्णे अजून वीसेक किलोमीटर. पण दुपारी येणारा समुद्राचा वारा त्या दिवशी लवकर आला, आणि चढतच गेला. लांबवर लाटांचे माथे पांढरे व्हायला लागले. डब्यानं पाणी उपसणं थांबवता येईना.

"तीन तास," वृषाली म्हणाली. "शीड लहान करू आणि जाऊ. अब्बा काय म्हणाले होते, विसरलीस?"

विसरले नव्हते. तेच तर डोक्यात होतं. आपण वाऱ्याकडे बघून ठरवतोय की अब्बांच्या अटीकडे, हे मी स्वतःला विचारलं. उत्तर आवडलं नाही. मी शीड उतरवायला सांगितलं. खाडीतून ओहोटीचं पाणी जोरात बाहेर येत होतं; ते संपून पाणी आत वळेपर्यंत अर्धा तास वल्ह्यांवर बाहेरच थांबलो. मग त्या पाण्याबरोबर शिरलो आणि बागमांडल्याला लागलो.

अब्बा पलीकडे जाणाऱ्या फेरीबोटीच्या रांगेत गाडी लावून उभे होते. "हितं का आलीस? हर्णे पुढं हाय! म्या तिकिट काडलंय!"

"वारा वाढलाय, अब्बा. आज नाही जमणार."

"एवढ्या जवळ यिऊन?"

"हो."

त्यांनी समुद्राकडे बघितलं, मग आमच्या भिजलेल्या कपड्यांकडे. गाडी रांगेतून काढली. ट्रेलर पाण्यात मागे घेताना गुडघ्यापर्यंत पाण्यातही उतरले. परतीला लागलो. माणगावपर्यंत वृषाली झोपली होती.

सोमवारी मी कामावर गेले. हाताला फोड, नाकाची साल निघालेली. काय उरलं, असा विचार दिवसभर चालू होता. समुद्राचं वेड उरलं, कमी नाही झालं. आणि विषय बंद झाला तरी मी तिथं पुन्हा आतच वळले असते, हेही उरलं. त्यामुळे वाईट वाटत होतं, पण चुकल्यासारखं वाटत नव्हतं.

संध्याकाळी दुकानात गेले तर शेजारचे भांडीवाले काका अब्बांना छेडत होते. "मग, पोचली का हर्णेला?"

"न्हाई."

"म्हंजी घाबरली म्हना की."

"घाबराया बी अक्कल लागती," अब्बा खिळे तोलत म्हणाले. "तुमी गेला असता सरळ."

काका गेल्यावर त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "कारखान्यात रजा किती मिळती गं?"

"चार दिवस. का?"

"सहा माग. चार दिसात हर्णे व्हत न्हाई."